दमाची बुडी आणि एक तांबोशी

आम्ही चौघे पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्यामुळे समुद्रात बुडी मारून भाल्यानं मासा धरायचं ठरलं, तेव्हा सराव कुठं करायचा हे कुणी विचारलंच नाही. एका मित्राचं दक्षिण सोलापुरात शेत आहे. ऑक्टोबरात त्याच्या विहिरीला 25 फूट पाणी होतं. एप्रिलमध्ये हीच विहीर तळ दाखवते, म्हणून पाऊस थांबल्याबरोबर आम्ही लागलो. दिवाळीचा सोडून डिसेंबरपर्यंतचा एक रविवार चुकवला नाही.

यात पाठीवर हवेची टाकी नसते. एका दमात खाली जायचं आणि मासा मिळो न मिळो, त्याच दमात वर यायचं. शिकवायला ओळखीतला एक मुलगा होता, गोव्यात डायव्हिंगचं काम केलेला. पहिले दोन रविवार त्यानं भाल्याला हात लावू दिला नाही. "आधी कान, मग दम. मासा शेवटी."

कानाचं असं, की नाक चिमटीत धरून हवा हलकेच कानाकडे ढकलायची, तीही दुखायच्या आधी, दर दोन-तीन फुटांना. दुखलं तर जोर करायचा नाही, सरळ वर यायचं. एका रविवारी मला सर्दी होती. दहा फुटांवर उजव्या कानात सुई घातल्यासारखी कळ आली. वर आलो आणि त्या दिवशी पायरीवर बसून राहिलो. वाईट वाटलं, पण कानाचा पडदा वाचला.

दमाबद्दल त्यानं सांगितलेलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून, प्राणवायू संपत आला म्हणून नाही. बुडीआधी भराभर श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि प्राणवायू संपत आला तरी शरीर हाक देत नाही. शिवाय 10 मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो, म्हणून उरलेला प्राणवायू तिथं पुरतो. वर येताना दाब उतरतो आणि माणूस शेवटच्या काही फुटांत, कधी डोकं बाहेर काढल्यावरही, बेशुद्ध पडतो. म्हणून दोघांची जोडी. एक खाली, एक वर. आणि खालचा वर आला की वरच्यानं 30 आकडे मोजेपर्यंत त्याच्या तोंडावरून नजर हलवायची नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री निघालो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. मालवणचा विषय आधी निघाला होता, पण तिथल्या समुद्राचा काही भाग 1987 पासून अभयारण्य आहे. तिथं भाला घेऊन जायचं आमच्यापैकी कुणालाच पटलं नाही. रत्नागिरीकडच्या एका वाडीत होडीवाल्या काकांशी आधीच बोलणं झालं होतं. कुठं उतरायचं, कुणाची जाळी कुठं लागलीय, हे त्यांनाच विचारून ठरवलं.

पाण्यात पडल्याबरोबर पहिली अडचण आली. विहिरीत बेतलेला शिशाचा पट्टा इथं पुरेना. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. माझ्यासारख्या 70 किलोंच्या माणसाला ते पावणेदोन किलो जास्त उचलून धरतं. वजन वाढवलं तेव्हा कुठं बुडी लागली. दिसत होतं जेमतेम दहा फूट. खडकाला लागून लहान मासे होते, ते सोडले. भाला फेकणारं रबर ताणायचं ते पाण्याखालीच, जोडीदार कुठं आहे ते बघूनच, आणि अख्खा मासा दिसल्याशिवाय भाला सोडायचा नाही, एवढं चौघांनाही पाठ होतं.

अकराव्या की बाराव्या बुडीला कपारीतून तांबोशी बाहेर आली. मी हललो नाही. तीच वळून बघायला आली, आडवी झाली, आणि भाला कल्ल्यामागं लागला. वर आणून तिला लगेच मारलं, तडफडत ठेवलं नाही. उन्हात तिचा रंग विटेसारखा होता, पोटाकडं गुलाबी. दीड किलोची असेल.

मग माझ्या जोडीदाराची पाळी. तो यंत्रमागावर काम करतो, आमच्यात सगळ्यात चिवट. माझी तांबोशी बघून त्यालाही मोठा मासा हवा होता. तो वर आला, स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी तोंडातून काढली, अंगठा दाखवला. मी मोजत होतो. सात, आठ. नवाला त्याचे ओठ निळे दिसले आणि मान पुढं पडली, तोंड पाण्यात. मी हनुवटीखाली हात घालून डोकं वर धरलं, मास्क ओढून काढला, गालावर चापट्या मारत ओरडलो, "श्वास घे बे! घे श्वास!" चार-पाच सेकंद असतील. मला ती फार मोठी वाटली. मग त्यानं घशातून आवाज काढत हवा ओढली. त्याला काहीच आठवत नव्हतं. अंगठा दाखवलेलाही नाही.

होडीत बसल्यावर त्यानं सांगितलं, बुडीआधी पाठ फिरवून भराभर श्वास घेतले होते. आम्ही तिथंच थांबलो. काकांनी होडी वळवली, डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, दोन तास बसवून ठेवलं. मी त्याला रागावलो नाही. माझे हात संध्याकाळपर्यंत कापत होते.

तांबोशी बर्फात घालून सोलापूरला आणली. आईनं कालवण केलं, कडक भाकरी कुस्करून सहाजण जेवलो.

पुढच्या रविवारी विहिरीवर तो पाण्यात उतरला नाही. शेवटच्या पायरीवर बसला. मी बुडी मारून वर आलो, डोळ्यांतलं पाणी पुसलं, तो माझ्याकडंच बघत होता आणि मोठ्यानं मोजत होता. अकरा, बारा, तेरा. मी बोलायला तोंड उघडलं, त्यानं हात वर करून थांबवलं आणि तीसपर्यंत मोजलं.