आमची वाटचाल: एरर मेसेज आधी, स्क्रीन नंतर

इतर कंपन्यांच्या अ‍ॅपसाठी फॉर्म, लॉगिन आणि पेमेंटचे स्क्रीन तयार करून देणे, हे आमच्या छोट्या फर्मचे काम. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकल्पांत एरर मेसेज हा कोणाच्याच वाट्याला न आलेला भाग असे. डेव्हलपर ऐनवेळी सुचेल ते लिही आणि ‘अवैध इनपुट’ एवढ्यावर वापरकर्त्याची बोळवण होई.

प्रारंभी ग्राहक आम्हाला केवळ हे शब्द सुधारायला सांगत. मात्र कार्डावर चार-चार अंकांच्या गटांत छापलेला क्रमांक कोणी तसाच, मध्ये जागा सोडून, टाइप केला की फॉर्म अडून बसतो, तेव्हा सौम्य शब्दांचा काय उपयोग? मधल्या जागा सॉफ्टवेअरने स्वतःच काढून टाकाव्यात, असे आम्ही सुचवले आणि तो मेसेजच उरला नाही.

पेमेंटचे काम त्याहून अवघड निघाले. सर्व्हरचे उत्तर वेळेत आले नाही, तर माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो, तो म्हणजे पैसे गेले की नाही. ‘व्यवहाराची खात्री अजून झालेली नाही, तूर्त पुन्हा पैसे भरू नका, स्थिती याच पानावर दिसेल’ हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण ते खरे ठरण्यासाठी व्यवहाराची स्थिती पुन्हा तपासणारी आणि तीच विनंती दोनदा आली तरी रक्कम एकदाच कापणारी व्यवस्था मागे उभी असावी लागते. तेव्हापासून आम्ही मेसेज आधी लिहितो आणि स्क्रीन नंतर आखतो.

चुकलेल्या रकान्याला नुसती लाल चौकट देणे आम्ही स्वीकारत नाही. चूक कुठे आहे हे मजकुरातून सांगावे आणि केवळ रंगावर विसंबू नये, असे २००८ सालच्या डब्ल्यूसीएजी २.० या, दिव्यांगांनाही वेबसाइट वापरता याव्यात म्हणून ठरवलेल्या, सुगम्यतेच्या निकषांतही म्हटले आहे. भरलेली माहिती पुसली जाऊ नये, हा आग्रह मात्र आमचा स्वतःचा. लॉगिनपुरते आम्ही जाणूनबुजून मोघम राहतो. नाव चुकले की पासवर्ड, हे सांगितले तर घुसखोराचेच फावते.

काही ग्राहकांना मेसेजमध्ये विनोद हवा असतो. पैसे अडकलेल्या माणसाशी थट्टा करणे आम्हाला पटत नाही. एरर मेसेजच्या कामाची कोटेशनमध्ये आता स्वतंत्र ओळ असते. ती काढा म्हणणाऱ्यांना आम्ही एखादा स्क्रीन कमी करून देतो, पण ती ओळ काढत नाही.