ओपन स्पेस

कॉलनीतल्या ओपन स्पेसचा फलक सहसा शाबूत असतो. कुणाच्या निधीतून, कुणाच्या शुभहस्ते, सगळं नीट वाचता येतं. फलकामागे मात्र कमरेएवढं गाजरगवत, पायरी निखळलेली घसरगुंडी आणि पत्ते कुटणाऱ्यांनी बसून बसून गुळगुळीत केलेला सिमेंटचा बाक. मोठा ले-आउट मंजूर होताना साधारण १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तीच ही. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही जा.

अशा जागेचा कळवळा लोकांना जुलैत येतो. पाऊस पडलेला, माती मऊ, रोपं फुकट मिळालेली. फोटो निघतात आणि ऑक्टोबरनंतर तिकडे कुणी फिरकत नाही. खान्देशात झाडाची परीक्षा वैशाखात असते, पारा ४४-४५ वर गेल्यावर. म्हणून रोपं आणण्याआधी मे महिन्याचं पाणी मोजावं. पहिल्या वर्षाच्या झाडाला दर तिसऱ्या दिवशी १५ लिटर धरले, तर ४० झाडांना एका पाळीला ६०० लिटर लागतात. एवढं जमण्यासारखं आहे. हिरवळीचं गणित वेगळं. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तरी १०० चौरस मीटर लॉनला दिवसाला ८०० लिटर हवेत. जिथे सकाळी पहिला प्रश्न ‘पाणी उनं (आलं) का?’ असतो, तिथे लॉनचा हट्ट धरणाऱ्याला आधी टँकरचं बिल दाखवावं.

शेजाऱ्यांना गोळा करायला मीटिंगची नोटीस लावून उपयोग नाही. हिवाळ्यात भरताची पार्टी ठेवा. कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायला घेतली की एरवी गेटच्या आतूनच बोलणारे आप्पाही खुर्ची घेऊन येतात. वांगी सोलून होईपर्यंत तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: चावी कोणाकडे, व्हॉल्व्ह कोण उघडणार, महिन्याला घरटी किती. जागा पालिकेच्या ताब्यात असेल तर परवानगीचं पत्रही तेव्हाच लिहून सह्या घ्याव्यात. कागद पुढे सरकायला वेळ लागतो आणि खड्डे मे महिन्यात खणायचे असतात. ‘एक घर, एक झाड’ ही कल्पना ऐकायला गोड आहे, पण मे म्हणजे लग्नसराई आणि सुट्ट्या. घराला कुलूप लागलं की त्या घराचं झाड गेलंच. त्यापेक्षा वारांच्या पाळ्या लावाव्यात आणि प्रत्येक वाराला एक बदली नाव लिहून ठेवावं. आठवड्यातून दोनदा माळी ठेवता आला तर त्याचा पगार रोपांच्या खर्चाआधी बाजूला काढावा.

गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटायचं, पाऊस पडून गेल्यावर, मुळासकट आणि हातमोजे घालून. नुसतं कापलं तर बुडातून फुटतं. फुलल्यावर उपटलं तर बी सगळीकडे सांडतं. शिवाय कुणाकुणाच्या अंगाला त्याची भयंकर खाज सुटते.

खड्डा २ फूट लांब, रुंद आणि खोल. काळ्या मातीत मशीनने खणलेल्या खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. मग पावसाचं पाणी आत साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून पहारीने भिंती खरवडाव्यात, आणि भरताना मातीत थोडा मुरूम, दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि पावशेर निंबोळी पेंड मिसळावी. रोप निदान ५ फुटी घ्यावं, म्हणजे शेंडा शेळीच्या तोंडाला सहज लागत नाही. झाडं कडुनिंब, करंज, बहावा अशी. गुलमोहर दिसतो देखणा, पण वादळात त्याच्या फांद्या मोडतात, त्यामुळे बाकावर सावलीसाठी तो नको.

जळगावसारख्या ठिबकाच्या जिल्ह्यात ठिबक शिकवायला नको, पण बागेत एक चूक हटकून होते. हजार लिटरची टाकी ६ फुटी ओट्यावर ठेवतात आणि तिला शेतातले ड्रीपर जोडतात. ड्रीपरला साधारण १ किलो दाब लागतो, म्हणजे ३० फुटांहून जास्त उंची. इथे पहिल्या झाडाला धार लागते आणि शेवटचं कोरडं राहतं. एकतर अर्ध्या एचपीची मोटर लावा, नाहीतर साध्या मायक्रोट्यूब, म्हणजे ड्रीपरऐवजी बारीक नळ्या. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात, म्हणून नळीचं टोक आठवड्यातून एकदा सोडून धुवावं. खारींनी नळी कुरतडली तर जोडायला चार-सहा जॉइनर चावीच्या कपाटातच ठेवावेत.

आच्छादनाला केळीच्या खोडासारखी वस्तू नाही. घड उतरवल्यावर शेतकऱ्याला ती शेताबाहेर काढायचीच असतात. गाडीभाडं दिलं तर बहुतेक जण आनंदाने देतात. उभी चिरून आळ्यात पसरावीत, बुंध्यापासून वीतभर लांब. वाळला पाला पेटवू नये. ३ फुटी खड्ड्यात थराथराने शेणकाला टाकून ओला ठेवावा, महिन्यातून एकदा उलथवावा. चार महिन्यांत खत तयार होतं. गणपती-नवरात्रीच्या मांडवाची जागा मात्र आधीच आखून द्या, नाहीतर खांबाचा खड्डा नेमका ठिबकाच्या मेन लाइनवर येतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधायचा तर निंबाची फांदी मांडीएवढी जाड हवी आणि दोराखाली गोणपाट हवं, नाहीतर साल कापली जाते. तशी फांदी तयार व्हायला वर्षं लागतात. तोवर लोखंडी झोपाळा चालेल. फक्त त्याचे पाय काळ्या मातीत नुसते पुरू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन वर्षांत झोपाळा एका अंगाला कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा आणि मगच काँक्रीट भरा.