आमची वाटचाल : वाळवी लागलेल्या वाड्यांचे लाकूडकाम

सुतारकामाकडून जुन्या घरांच्या दुरुस्तीकडे वळलो तेव्हा आमची पद्धत सरळ होती. पोखरलेली तुळई काढायची, नवी चढवायची, वरून औषध मारायचे. नवी तुळईही त्याच टोकाला पोकळ होते, हे लक्षात आल्यावर आम्ही लाकडाच्या आधी भिंत तपासायला लागलो.

जांभ्याचा चिरा पाणी धरून ठेवतो. पागोळ्यांचे पाणी जोत्यावर उडते, छपराच्या फुटक्या नळ्यातून (नळीच्या कौलातून) वाशावर ठिबकते आणि मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या सांध्यांतून वाळवी तुळईच्या भिंतीत बसलेल्या टोकापर्यंत पोचते. म्हणून पहिले काम पाण्याचे: नळे परतणे, पन्हळी लावणे, भिंतीलगत साचलेली माती काढून जोते मोकळे करणे. ओल मोजायच्या मीटरवर लाकडाची ओल 20 टक्क्यांच्या वर असेल तर सांध्याला हात लावत नाही. दिवाळीनंतर लाकूड सुकू द्यायचे आणि मेअखेर छप्पर बंद करायचे, असे आमचे वर्ष ठरलेले आहे.

मग कीड ओळखायची. मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतून आलेली वाळवी. खाली खसखशीएवढे दाणे पडत असतील तर सुक्या लाकडातली वाळवी. तिला जमिनीची गरज नसते, त्यामुळे जोत्याला कितीही औषध दिले तरी ती मरत नाही. मैद्यासारखी भुकटी आणि एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे म्हणजे भुंगेरा. तो सागाचे बाहेरचे पांढरे लाकूड खातो, आतला गाभा बहुधा शाबूत राहतो. अशी तुळई बदलणे म्हणजे चांगले लाकूड जाळण्यासारखे आहे. छिद्रे जुनी की नवी हे कळायला खाली काळा कागद आठ दिवस अंथरावा. नवी भुकटी पडली तर कीड जिवंत समजावी.

हातोडीने ठोकून आणि दाभण टोचून पोकळ भागाची हद्द खडूने आखतो. तुळईचे टोक गेले असेल तर आधी त्या खणावरचे नळे उतरवतो, मग जॅक लावतो. जॅकने दोन-तीन मिलिमीटर उचल पुरते. जास्त उचलले की वरच्या भिंतीला तडा जातो आणि शेजारच्या खांबाचे कुसू (खाचेत बसणारे टोक) सुटते. पोखरलेला भाग कापताना निरोगी लाकडात आणखी एक वीत आत जातो, कारण वाळवीच्या वाटा बाहेरून दिसतात त्यापेक्षा लांब गेलेल्या असतात. जोड तिरका, तुळईच्या उंचीच्या तिप्पट लांब: 200 मिलिमीटर उंच तुळईला 600. तो गाळ्याच्या मधोमध येऊ द्यायचा नाही, तिथे वाक सर्वांत जास्त असतो. लाकूड त्याच जातीचे, रेषा त्याच दिशेच्या, ओल 12 ते 15 टक्के. बोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेसचे. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड गंजून फुगते आणि लाकूड चिरते. नवे टोक भिंतीत बसवताना चारी बाजूंनी 25 मिलिमीटर हवा सोडतो, खाली दगडी पाट ठेवतो. पूर्वी तिथे सिमेंट भरले जाई. आता ते आम्ही दिसेल तिथे फोडून काढतो, कारण ओल आतच कोंडते.

एपॉक्सीचेही (दोन भाग मिसळले की घट्ट होणाऱ्या राळेचेही) तसेच. नक्षीच्या हस्तातली (तुळईखालच्या कोरीव आधारातली) लहान पोकळी भरायला ते चांगले, पण ओल्या लाकडात भरले तर मागचे लाकूड कुजत राहते आणि वरून काहीच दिसत नाही.

औषधात लाकडाला बोरेट (बोरॉनचा क्षार): 1 किलो डायसोडियम ऑक्टाबोरेट 9 लिटर कोमट पाण्यात. जुना तेलरंग आधी खरवडावा, नाहीतर ते आत मुरत नाही. पहिला हात ओला असतानाच दुसरा द्यावा. पावसाने बोरेट धुपते, म्हणून ते आतल्या तुळया-खांबांना. पडवीच्या उघड्या लाकडाला त्यावर तेलाचा हात हवाच. काजूच्या टरफलाचे तेल आपल्याकडे जुने, टिकाऊ, पण लाकूड काळे करते आणि कातडी भाजते. हातमोजे घालावेत, आणि बोरेट मुरल्यानंतरच ते लावावे.

जमिनीला औषध देताना भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागाप्रमाणे भिंतीलगत 300 मिलिमीटरवर 12 मिलिमीटरची छिद्रे आणि प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण, असे चालतो. विहिरीच्या बाजूला मात्र आम्ही एकही छिद्र पाडत नाही. तिथे माती काढून, फटी चुन्याने बुजवून काम भागवतो.

काम संपल्यावर पहिली दोन वर्षे मृगाच्या सुमारास फेरी मारतो. पहिल्या पावसात पंखवाले किडे दिव्याभोवती येतातच, ते बाहेरचेही असतात. पण ते तुळईच्या फटीतून किंवा उंबऱ्याखालून बाहेर पडताना दिसले, तर त्याच आठवड्यात ती जागा उघडतो.