ओट्यावर ठेवलेली गाडी

१५ ऑगस्ट २०१९, गुरुवार

पुरानंतर सांगलीतलं घर उघडून आज दुसरा दिवस. पाणी उतरलं, गाळ राहिलाय. घोटाभर, काळा, आणि वासाला गटारापेक्षा वाईट. सकाळपासून फावड्यानं ओढतोय. दुपारी ताईनं विश्रामबागहून येऊन चिखलातच राखी बांधली. मनगटावर गाळ होता, तो तिनं आधी पदरानं पुसला.

गाडीकडं काल मुद्दाम बघितलं नव्हतं. आज बघितलं. ओट्यावर आहे तशीच उभी आहे, स्टँडवर, खाली दोन विटा, मी ठेवली तशी. टाकीच्या झाकणाच्या वर चार बोटांवर गाळाची रेघ आहे, अगदी आखल्यासारखी. रेघेच्या वर अजून काळी चमकते. खाली सगळी मातकट. चेनमध्ये कुणाच्या तरी साडीची किनार अडकलीय.

२००७ ची स्प्लेंडर. हिरो आणि होंडा अजून एकत्र होते तेव्हाची. पहिल्या पगारवाढीनंतर घेतली आणि रोज गावभाग ते मार्केट यार्ड, बारा वर्षं. मुलीला पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणली ती हिच्यावरच, बायको मागं बसलेली आणि मी वीसच्या वर जाईना.

ही गाडी वाचवता आली असती. डोळ्यापुढून हे जात नाही म्हणून लिहून ठेवतो. सोमवारी, पाच तारखेला, बायको आणि मुलीला घेऊन मी याच गाडीवर ताईकडं गेलो. दाजी म्हणाले, "गाडी इथंच राहू दे, मी तुम्हाला सोडतो." मी नको म्हणालो. वडील, म्हणजे अण्णा, घरी एकटे होते आणि यायला तयार नव्हते. रात्री काही झालं तर हाताशी गाडी असावी म्हणून परत आलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी तेव्हा ४५ फूट झालं होतं, म्हणजे धोक्याची पातळी. त्या दिवसांत कुणी कुणाला कसा आहेस विचारत नव्हतं, "आयर्विनवर किती?" एवढंच.

अण्णांचं म्हणणं एकच. दोन हजार पाच साली पाणी दुसऱ्या पायरीला लागलं आणि तिथनंच परतलं. त्यांनी तेव्हा पायरीच्या दगडावर छिन्नीनं खूण केलीय. अख्खी गल्ली ती खूण मानते. आम्ही फळी लावून गाडी ओट्यावर चढवली, वर आणि विटा दिल्या. पाच सालच्या खुणेपेक्षा गाडीची चाकं वीतभर वर होती. मला स्वतःला खात्री होती. शेवटी आम्ही दोघं बोटीत बसलो तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीवर होतं आणि अण्णा वळून ओट्याकडं बघत होते. पुढं आयर्विनवर ५७ फुटांच्या वर गेलं. पाच सालापेक्षा साधारण चार फूट जास्त.

आल्यापासून अण्णा गाडीबद्दल अक्षर बोललेले नाहीत.

१७ ऑगस्ट, शनिवार

भंगारवाल्यांचे टेम्पो गल्लोगल्ली फिरताहेत. फ्रीज, वॉशिंग मशीन, कपाटं, गाड्या. आज एकानं ओट्यावर चढून गाडी हलवून बघितली आणि २,८०० म्हणाला. मी काही बोललो नाही तर ३,००० म्हणाला. आरसी बुकाचं विचारलं तर, "ते राहू दे तुमच्याकडंच." असं चालत नाही. आरटीओत नोंदणी रद्द केल्याशिवाय गाडी दिली तर नंबर माझ्याच नावावर राहतो, उद्या त्या चेसीचं कुणी काय केलं तर पोलीस माझ्या दारात. रद्द करायची म्हणजे अर्ज, आरसी आणि चेसी नंबरचा कापलेला तुकडा. नको म्हणून सांगितलं. पण पैसे खिशात आल्यासारखं क्षणभर वाटलं, खोटं कशाला लिहू.

विम्याचा प्रश्नच नाही. दोन वर्षांपासून फक्त थर्ड पार्टी भरतोय. जुन्या गाडीला आता फुल विमा काय करायचाय, असंच सगळे म्हणायचे, मलाही पटलं होतं. थर्ड पार्टीत आपल्या गाडीचं नुकसान येत नाही, मग ते पुरानं होवो नाहीतर आगीनं. पलीकडच्या वाड्यातल्या पोराची गाडी दोन वर्षांची, तिला पूर्ण विमा. त्यानं हात न लावता फोटो काढले, कंपनीला कळवलं, गाडी टेम्पोत घालून शोरूमला नेली. सर्व्हेअर येऊन बघणार. खर्च ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. त्याच्याच मित्रानं मात्र गाळातनं काढल्या काढल्या किका मारल्या. सिलिंडरमध्ये पाणी असलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आता कंपनी म्हणणार, हे पुरानं नाही, तुम्ही केलं. वीस-बावीस वर्षांचं पोर, ओट्यावर डोकं धरून बसलं होतं. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं त्याला.

पंचनामा करून गेले. घर, कपडे, भांडीकुंडी सगळं लिहून घेतलं. गाडीचं कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. सानुग्रह अनुदान शहरात कुटुंबाला १५,००० आहे, त्यातले ५,००० रोख. त्या पाच हजारांत गहू, तांदूळ, गॅसची शेगडी, मुलीची वह्या-पुस्तकं, चार गाद्या. मिक्सर गेलाय. हे सगळं सोडून गाडीवर पैसे घालायचे?

१८ ऑगस्ट, रविवार

मिस्त्री आला. त्याच्या गॅरेजमध्ये छातीभर पाणी होतं, हत्यारं अजून रॉकेलच्या बादलीत आहेत. तरी आला. आल्या आल्या पहिलं विचारलं, "किक मारलीसा न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला.

खालचा नट ढिला केला. मला वाटलं ऑइल येईल. आलं ते पाणी, बरंच स्वच्छ. ऑइल हलकं, ते वर राहिलेलं. मग धार जाड झाली, दाट दुधाच्या चहासारखी. ते बघून पोटात कालवलं. टाकीतलं पेट्रोल त्यानं पाण्याच्या बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं. खाली पाणी, वर पिवळसर पेट्रोल, मधे रेघ. दारावर, भिंतीवर, गाडीवर आणि आता बाटलीतही रेघच.

प्लग काढून हातानं किक दाबली. जागची हलली नाही. पिस्टन धरलाय. मागचं चाकही फिरेना, ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटलेत. मिस्त्रीनं बोटांवर हिशेब केला. वायरिंग पूर्ण नवीन, सीडीआय, बॅटरी, क्लच प्लेटा, दोन्ही चाकांची बेअरिंगं, कोनसेट, ब्रेक शू, एअर फिल्टर. पिस्टन सुटला तर साडेसहा हजारांत. नाही सुटला, बोअर करावं लागलं, तर अकरा. आणि म्हणाला, "खरं सांगू का? अकरा घालू नकासा. तेवढ्याची गाडीच न्हाई ही."

हे सांगायला त्याचं काहीच अडलं नव्हतं. उलट कामच गेलं असतं त्याचं. अशी माणसं या गावात आहेत म्हणून आम्ही इथं राहतो.

रात्री बायकोपुढं कागद ठेवला. भंगार ३,०००. दुरुस्ती साडेसहा किंवा अकरा. सेकंड हँड बावीस, कर्ज काढून. तिनं कागद नीट वाचला. म्हणाली, "साडेसहात होत असेल तर कर. गाद्या दोन महिने नसल्या तरी चालतील, सतरंजीवर झोपू. रिक्षाला रोजचे पैसे कुठनं घालणार?" अकराचं तिनं काही म्हटलं नाही, मीही नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

पहाटे अण्णा माझ्या उशाशी बसले होते. हातात पासबुक. पुरात नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधलेलं. म्हणाले, "यातले दहा काढ. ही देऊन टाक, दुसरी घे." आणि मग फारच हळू, "मी बसलो म्हणून बसलास तू."

मला उत्तर सुचेना. दात घासायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

तेव्हापासून डोक्यात तेच. गाडी भंगारात दिली तर ओटा मोकळा होईल आणि अण्णा रोज सकाळी त्या मोकळ्या ओट्यावर चहा प्यायला बसतील. त्यांचे पैसे घेतले तर तो दंड होईल. त्यांनी गुन्हा काय केला? चौदा वर्षं जी खूण खरी होती ती त्यांनी खरी मानली. मीही मानली. खूण आपल्या डोळ्यांदेखत कोरलेली असते, पाणी मात्र कुठल्या डोंगरात किती पडलं, धरणातनं किती सोडलं, यावर येतं. ओट्यावर बसलेल्या माणसाला ते कुठनं कळणार?

ठरवलं. गाडी करायची. पैसे माझे. अण्णांकडनं एकच गोष्ट घ्यायची, त्यांचे हात. अडतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होते ते.

संध्याकाळी त्यांना म्हटलं, "अण्णा, पिस्टन धरलाय. मिस्त्री बोअर करावं लागेल म्हणतोय. तुम्ही एकदा बघता का?" ते लगेच उठले नाहीत. दहा मिनिटांनी चष्मा शोधायला लागले.

२१ ऑगस्ट, बुधवार

प्लगच्या भोकातनं डिझेल सोडून ठेवलंय. कालपासून अण्णा दर दोन-तीन तासांनी गिअर टाकून मागचं चाक बोटभर पुढं, बोटभर मागं करतात. चाक सोडवायला आधी ड्रम उघडावा लागला, तोही त्यांनीच उघडला. जोर लावत नाहीत. मी लावायला गेलो तर हात झटकला. "रिंग मोडंल. गंजाला वेळ द्यायचा असतोय."

ओट्यावर जुन्या ताटात रॉकेल, त्यात एकेक बोल्ट. मुलगी ब्रशनं घासतेय, अण्णा फडक्यावर ओळीनं मांडताहेत. जोडीतले डावे, उजवे वेगळे. कुठला कुठं जातो ते त्यांनी खडूनं ओट्यावरच लिहिलंय.

दुपारी दुकानात होतो तेव्हा मुलीचा फोन. "बाबा, सुटला." मी काय म्हणालो आठवत नाही. शेजारी हिशेब सांगणारा शेतकरी थांबून माझ्याकडं बघत राहिला.

१ सप्टेंबर, रविवार

उद्या गणपती. घराला चुना मारून झाला, भिंतीतली ओल तशीच आहे.

ऑइल तीनदा बदललं. पहिल्यांदा स्वस्तातलं, दोनशे मीटरभर चालवून काढलं, पुन्हा तेच, आता चांगलं घातलंय. तिसऱ्यांदा निघालेलं ऑइल बोटावर घेऊन अण्णांनी अंगठ्यानं चोळलं आणि मान हलवली. सायलेन्सर काढून उपडा केला तर ओंजळभर गाळ निघाला. एकूण खर्च ६,९००. मीटर चालत नाही, काचेच्या आत धुकं आहे. ते राहू दे. गाडी पाचव्या किकला लागली. आधी पांढरा धूर, मग आवाज जुळला. कनेक्टरला पुढं कधीतरी हिरवा गंज धरेल, लाईट बंद पडेल, असं मिस्त्रीनं आताच सांगून ठेवलंय. पुराची गाडी एकदा करून संपत नाही, म्हणाला. करत राहीन.

संध्याकाळी मूर्ती बघायला म्हणून अण्णांना मागं बसवून निघालो. येताना आयर्विनवर थांबवायला लावली. नदी तिच्या जागी, शांत. अण्णा कठड्याला हात लावून खाली फुटांचे आकडे बघत राहिले. बोलले काही नाहीत.

घरी आल्यावर मी गाडी ओट्यावर चढवायला फळी शोधली. नव्हती. विटाही नव्हत्या. अण्णांनी दोन्ही मागच्या अंगणात नेऊन ठेवल्या होत्या. गाडी खालीच लावली.

जेवताना त्यांनी मधेच विचारलं, "विश्रामबागला जावईबापूंच्या दारात गाडी लावायला जागा असते न्हवं?"

असते, म्हटलं.

"आणि माणसाला?"

मी भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवली.