काना

कलाकारांना काही आठवडे राहून काम करू देणाऱ्या एका उपक्रमाच्या अर्जात एक रकाना होता. तुमची सांस्कृतिक ओळख आणि तुमचं काम यांचं नातं, तीनशे शब्दांत. मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत रात्री साडेअकराला बसून मी तो भरला. चप्पल, साज, फेटा, तालमीतली तांबडी माती. तालमीच्या उंबऱ्याला मी जन्मात पाय लावलेला नाही, पण लिहिलं.

निवड झाली. सहा आठवडे कोल्हापुरात, रंकाळ्याजवळच्या एका जुन्या घरात राहायचं, काम करायचं आणि शेवटी लोकांना बोलावून दाखवायचं. आमचं घर तिथून सायकलनं दहा मिनिटांवर, शुक्रवार पेठेत. आई म्हणाली, “आपल्याच गावात पाहुणी म्हणून राहणार? बरं, जेवायला तरी घरी येणार काय?” गेले. रोज.

पहिले नऊ दिवस चपलांची चित्रं काढली. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हापासून कुणालाही कोल्हापूर सांगितलं की पहिली चप्पलच निघते. बडोद्याहून आलेल्या आमच्यातल्या एका शिल्पकारानं तर स्टेशनवरून थेट चप्पल लाइन गाठली होती. मी वेणी काढली, कान काढले, गोंडे काढले. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे ‘कोल्हापुरी’ निम्मी कर्नाटकाची. यावर काही करावं असंही डोक्यात आलं. चित्रं चांगली झाली. हॉटेलच्या रिसेप्शनमागं लावण्याइतकी चांगली.

दहाव्या दिवशी मुंबईहून मार्गदर्शक बाई आल्या. चित्रं बघून “छान, छान” म्हणाल्या. दुपार झाली तशी मी सायकलची किल्ली उचलली आणि म्हणाले, “जेवून येतो हं.”

त्या हसल्या. “येतो? तू?”

अकरा वर्षांपूर्वी मुंबईत कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात शिरताना मी म्हणाले होते, “सर, मी आलो.” अख्खा वर्ग हसला होता. पंधरा दिवसांत मी जीभ वळवली. आईशी फोनवर ‘जातो’, फोन ठेवला की ‘जाते’. आमच्याकडं आजी, आई, मावशी, भाजीवाली, बँकेतल्या मॅडम, सगळ्या ‘मी आलो, मी गेलो, मी करतो’च म्हणतात. त्यात बंड नाही, भूमिका नाही. बाई बाईसारखीच बोलते, फक्त इथल्यासारखी.

आणि तीनशे शब्दांत मी हे लिहिलंच नव्हतं. (इथपर्यंतचा मजकूरही ‘गेले’, ‘म्हणाले’ असाच लिहिलाय. आता बास. इथून पुढं बोलतो तसंच लिहितो.)

त्या संध्याकाळी आप्पांसमोर जाऊन बसलो. आप्पा बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, मंडळांचे फलक, गाड्यांचे नंबर. फ्लेक्स आला आणि चार-पाच वर्षांत सगळं उठलं. दहा मिनिटांत मशिनमधून फोटोसकट पाटी बाहेर पडत असेल तर चार दिवस कोण थांबणार? पण गल्लीत आजही त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. “ओ पेंटर!”

कोल्हापुरात पेंटर हे आडनावच आहे म्हणा ना. बाबुराव पेंटर मूळचे मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवायचे. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर सिनेमाच्या वेडात पडले. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबुरावांनी कॅमेरा इथंच तयार करून घेतला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आप्पा मला दुसऱ्या दिवशी खरी कॉर्नरला घेऊन गेले. तिथं चौकात कॅमेऱ्याचं शिल्प आहे. आप्पांनी त्याच्याकडं बघून पायातली चप्पल काढली आणि म्हणाले, “पोस्टरंबी स्वतःच रंगवायचे. म्हंजे बोर्डवालेच की.”

“आप्पा, मला अक्षरं शिकवा.”

“एवढं कॉलेज केलंस ते?”

कॉलेजात हे नव्हतं. बंद पडलेल्या किराणा दुकानाची एक फळी मिळाली. घासली, लांबी म्हणजे पुट्टी भरली, परत घासली, पांढऱ्याचे दोन हात मारले. दोऱ्याला खडूची पूड लावून दोन टोकांना ताणायचा, मधे चिमटीत धरून सोडायचा. टक. रेघ तयार. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला चिंधीचा बोळा, त्यावर उजवं मनगट टेकवायचं. आप्पांना मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक दिसत नाही, पण माझा ब्रश अडखळला की आवाजावरून कळतं.

सगळ्यात जास्त दिवस कान्यानं खाल्ले. उभी रेघ तर काढायची, त्यात काय, असं मला वाटलं होतं. एका दमात वरून खाली यायचं, मधे श्वास घेतला की तिथं पोट येतं. वर्तमानपत्राच्या रद्दीवर मी आठवडाभर नुसते काने ओढले. शेजारच्या खोलीतला शिल्पकार येऊन बघायचा आणि काही न बोलता जायचा.

आप्पा अक्षरावर पैसे घ्यायचे. जोडाक्षर दीड. काना, मात्रा, वेलांटी यांचं काही नाही. “गिऱ्हाइकाला दिसत न्हाई ते. पर बोर्ड उभा ऱ्हातो त्याच्यावरच.”

मला दोन फळ्या करायच्या होत्या. एकीवर ‘मी येते’, दुसरीवर ‘मी येतो’, शेजारी-शेजारी. एका कान्याचाच तर फरक. आप्पांनी कागदावरचं चित्र बघितलं आणि विचारलं, “दोन कशाला? तू काय म्हणतीस ते लिही की.”

एकच केली. लाल अक्षरं, काळी शेड. फाटकाच्या आत, बाहेर पडताना समोर येईल अशी टांगली.

लोक आले तेव्हा मार्गदर्शक बाईंनी विचारलं, यात लिंगभावाचा प्रश्न आहे का. मी काहीतरी बोललो, आता आठवत नाही. पलीकडच्या घरातल्या काकी चहा पिऊन निघाल्या, पाटीसमोर थांबल्या, मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ये की मग. मीबी येतो.” आणि गेल्या. त्यांना ते चित्र वाटलंच नाही.

आप्पा शेवटी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. फळीला नाक लागेल इतके जवळ गेले. बोटानं ‘तो’वरून खाली आले. “पोट आलंय हितं.” मग पांढऱ्याचा डबा मागवला आणि हात थरथरत असतानाही कान्याची कड सरळ केली.

तेवढ्यात एका पाहुण्यांनी पाटीची किंमत विचारली. मी आकडा जुळवत होतो, तोवर आप्पाच बोलले, “अक्षरं तीन हायत सायेब. कान्याचं काय घेत न्हाई.”