आधी पुठ्ठा, मग कपडे, चेहरा शेवटी

बेसबॉल संघाच्या जुन्या फोटोबद्दलचा प्रश्न बहुतेक वेळा फोटोसकटच येतो. न्यू जर्सी, शिकागो किंवा कॅलिफोर्नियात राहणारं कुणीतरी रविवारच्या जुन्या बाजारातून किंवा शेजारच्या घरातल्या विक्रीतून एक फोटो उचलून आणतं. नऊ-दहा मिशाळ तरुण, मांडीवर आडवी बॅट, छातीवर एखादं मोठं अक्षर. मग विचारणा होते: हा किती जुना? खरा आहे का? आणि यात कुणी नामांकित खेळाडू आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली विनंती अशी की तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू नका. जवळजवळ प्रत्येक जण तिथूनच सुरू करतो, आणि फसतो तोही तिथेच. मनात एकदा नाव बसलं की डोळे पुरावा बघत नाहीत, नावाला आधार शोधत बसतात. म्हणून आधी वस्तू पाहायची, मग अंगावरचे कपडे आणि हातातली साधनं. चेहऱ्यांकडे अगदी शेवटी वळायचं.

वस्तू म्हणजे फोटो कशावर उमटला आहे ते. आरशासारखा चकाकणारा आणि हातात तिरपा केला की क्षणात उजेडाचा अंधार होणारा फोटो डॅगेरोटाइप असतो. तो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असतो, अमेरिकेत १८४० ते साधारण १८६० या काळातला. काचेवर असून मागे काळा रंग किंवा काळं कापड असेल तर अँब्रोटाइप, बहुतेक १८५५ ते १८६५ या दशकातला. पातळ काळ्या लोखंडी पत्र्यावर असेल तर टिनटाइप. नाव टिनचं असलं तरी पत्रा लोखंडाचा असतो, म्हणून फ्रिजवर लावायचं छोटं चुंबक पाठीमागून हलकेच टेकवलं तर चिकटतं. टिनटाइप १८५६ नंतर निघाले आणि जत्रेतल्या तंबूंमधून विसाव्या शतकापर्यंत काढले जात राहिले. त्यामुळे नुसतं ‘टिनटाइप आहे’ म्हटल्याने साल ठरत नाही.

डॅगेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये प्रतिमा बहुधा उलटी येते, आरशातल्यासारखी. छातीवरचं अक्षर उलटं दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे. उलट, टिनटाइपवर बी किंवा ई सुलट दिसला तर मी अधिक सावध होतो. ए, एच, एम, टी ही अक्षरं दोन्हीकडून सारखीच, ती इथे उपयोगाची नाहीत. अशा वेळी शर्टाच्या गुंड्या पाहा. पुरुषांच्या शर्टात त्या त्याच्या उजव्या बाजूला असतात, इथे डाव्या बाजूला दिसतील. ‘संघात इतके डावखुरे कसे?’ या प्रश्नाचं उत्तरही अनेकदा एवढंच असतं.

तुमच्या हातात मात्र बहुधा पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागदी फोटो असणार, त्यामुळे इथे जरा थांबू. एकोणिसाव्या शतकातले बरेचसे कागदी फोटो अल्ब्युमेनचे आहेत, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचे. हा कागद इतका पातळ की एकटा सोडला तर गुंडाळला जातो, म्हणूनच त्याला पुठ्ठा लागतो. रंग तपकिरी किंवा जांभळट तपकिरी, आणि उजळ भाग पिवळे पडलेले. वरचा थर आकसत गेल्याने पुठ्ठा फोटोच्या बाजूला किंचित वाकतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलंत तर कागदाचे तंतू आणि बारीक तडे दिसतील, ठिपके दिसणार नाहीत. एका आखणीत मांडलेले ठिपके दिसले तर ती छापखान्यातली छपाई आहे, वर कितीही जुनं साल लिहिलेलं असो. रंगीत फवाऱ्यासारखे विस्कळीत ठिपके दिसले तर ते आजच्या घरगुती प्रिंटरचं काम.

आता पट्टी घ्या. पुठ्ठा अडीच बाय चार इंच असेल तर ते कार्त द व्हिझिट, अमेरिकेत १८६० च्या सुमारास लोकप्रिय झालेलं. सव्वाचार बाय साडेसहा इंच असेल तर कॅबिनेट कार्ड, १८६६ नंतरचं. १८६० च्या दशकातले पुठ्ठे पातळ, कोपरे चौकोनी; १८७० नंतर पुठ्ठा जाड होत जातो आणि कोपरे गोल होतात. काळा, गडद हिरवा किंवा मरून पुठ्ठा आणि त्याला सोनेरी कड म्हणजे बहुधा १८८० किंवा १८९० चं दशक. मागे स्टुडिओचं नाव आणि पत्ता असेल तर तो सगळ्यात भरवशाचा धागा. अमेरिकेतल्या शहरांच्या जुन्या व्यवसाय-सूच्या स्थानिक ग्रंथालयांत आणि इंटरनेटवर मिळतात. तो फोटोग्राफर त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होता हे सापडलं की काळ चार-पाच वर्षांत आवळता येतो.

मागे सरकारी महसुलाचं तिकीट दिसलं तर नशीब जोरावर आहे असं समजा. यादवी युद्धाच्या खर्चासाठी फोटोंवर कर बसला होता, सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ एवढाच काळ. तिकीट बहुतेक २ किंवा ३ सेंटचं असतं आणि फोटोग्राफर शाईने रेघ मारून किंवा आद्याक्षरं लिहून ते रद्द करत असे. ती शाई तिकिटाबाहेर पुठ्ठ्यावरही गेलेली असेल तर उत्तम. सुटी जुनी तिकिटं आजही स्वस्तात मिळतात आणि नंतर चिकटवता येतात, म्हणून ही रेघ महत्त्वाची.

एवढी बारीक तपासणी कशाला, असं वाटत असेल तर ब्रुकलिनच्या ‘अटलांटिक’ संघाचं उदाहरण घ्या. चार्ल्स विल्यमसन या फोटोग्राफरने १८६५ मध्ये या संघाचा फोटो काढला, नऊ खेळाडू आणि व्यवस्थापक. त्याची एक प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. दुसरी मेन राज्यात एका घरगुती विक्रीत घेतलेल्या अल्बममध्ये सापडली आणि २०१३ साली लिलावात ९२ हजार डॉलरला गेली. अशा बातम्यांनंतर नकली माल तयार होणारच.

नकली मालाचे प्रकार ठरलेले आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे पुस्तकातलं चित्र कापून खऱ्या जुन्या पुठ्ठ्यावर डकवणं. पुठ्ठा खरा, मागचा पत्ता खरा, फक्त फोटो खोटा. भिंगाखाली ठिपके दिसले की हा प्रकार संपतो. दुसरा प्रकार चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करण्याचा. तो डाग कडांना आणि पाठीमागे सारखाच पसरतो, तर खऱ्या जुन्या कागदावरचे तपकिरी डाग विस्कळीत असतात. तिसरा प्रकार फसवायच्या हेतूने केलेला नसतो, पण घोळ तोच सर्वाधिक घालतो. तो म्हणजे जुन्या फोटोचा नंतर काढलेला फोटो. त्यात मधल्या छटा हरवतात. मूळ पुठ्ठ्याच्या कडेची सावली किंवा कोपऱ्यातल्या टाचणीचं भोक चित्रात दिसतं, आणि ओरखडे दिसतात पण तिरप्या उजेडात धरले तर पृष्ठभाग गुळगुळीतच असतो. अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा. आणि मागे बॉलपेनने नाव लिहिलं असेल, तर ते लिहिणं १९४५ नंतरचं. त्या नावाला पुरावा मानू नका, फार तर घरच्या माणसाची आठवण माना.

वस्तू झाली, आता कपडे आणि साधनं. एक नियम पाठ करा: कपडे फक्त ‘याआधीचा नाही’ एवढंच सांगतात, ‘यानंतरचा नाही’ हे सांगत नाहीत. गावातल्या हौशी संघांनी मोठ्या संघांचे जुने गणवेश दहा-दहा वर्षं वापरले. म्हणून फोटोतली सगळ्यात नवी वस्तू शोधायची. कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या, पायाशी जाळीचा मुखवटा आहे? तो हार्वर्ड विद्यापीठाच्या फ्रेड थायरने आणला, १८७७ मध्ये. म्हणजे फोटो १८६९ चा असूच शकत नाही. हातमोजा आहे? १८७५ च्या सुमारास चार्ल्स वेट या खेळाडूने कातडीच्या रंगाचा मोजा घातला, तोही लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून. १८७७ मध्ये अल्बर्ट स्पॉल्डिंग या नामांकित खेळाडूने काळा मोजा उघडपणे घातल्यावर लाज गेली. पण मोजा नाही म्हणून फोटो फार जुना, असंही नाही. बिड मॅकफी हा दुसऱ्या बेसवरचा नामांकित खेळाडू १८९६ पर्यंत उघड्या हातांनीच खेळत होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चामड्याची जाळी विणलेला मोजा १९२० च्या सुमारास आला. पाठीवर आकडे दिसले तर विसाव्या शतकातच राहा, न्यूयॉर्क यँकीजनी ते नियमित वापरायला सुरुवात केली १९२९ मध्ये.

शर्टाच्या पुढे गुंड्यांनी अडकवलेला ढालीसारखा तुकडा आणि त्यावर अक्षर म्हणजे १८६० चं दशक किंवा १८७० ची सुरुवात. पुढे बुटासारख्या नाड्या म्हणजे बहुधा १८८० आणि १८९० ची दशकं. चेंडू स्पष्ट दिसत असेल तर शिवण पाहा. एकाच कातड्याची, फुलीसारखी शिवण जुनी. आजच्यासारखी आठच्या आकड्याची शिवण नंतर सार्वत्रिक झाली.

रंगांबद्दल मात्र फोटोवर विश्वास ठेवू नका. त्या काळी फोटो कोलोडियन नावाचं द्रावण ओतलेल्या काचेवर घेत, आणि त्या काचेला निळा रंग फार लवकर कळायचा आणि लाल जवळजवळ कळायचाच नाही. म्हणून निळं कापड फिकट येतं, निळे डोळे जवळजवळ पांढरे दिसतात, आणि लाल काळं येतं. १८६९ मध्ये उघडपणे संपूर्ण व्यावसायिक म्हणून उतरलेल्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जचे लाल मोजे फोटोत काळेभोर आहेत. इंटरनेटवर फिरणारे रंगवलेले फोटो मला म्हणूनच खटकतात. रंगवणाऱ्याने राखाडी छटा पाहून रंग ठरवलेला असतो आणि ती छटाच दिशाभूल करणारी असते.

खेळतानाचे फोटो का नाहीत, हेही त्या काचेतच आहे. काचेवर द्रावण ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, आणि फोटो घेताना काही सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं. डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँड लावत, त्याचे पाय खेळाडूच्या बुटांमागे डोकावतात. ती खूण दिसली की मला आनंद होतो, कारण नकली करणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट पुलास्की या किल्ल्यात यादवी युद्धाच्या काळात काढलेला एक फोटो आहे. पुढे न्यूयॉर्कच्या पलटणीचे सैनिक शिस्तीत उभे, आणि मागे चाललेला बेसबॉलचा खेळ आपसूकच काचेवर उमटलेला. कोरड्या काचा आल्यावरसुद्धा सवय लगेच मोडली नाही. १८८७ ते १८९० मध्ये ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांत जी कार्डं मिळत, त्यातला खेळाडू स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे चेंडू झेलताना दिसतो, आणि चेंडू दोरीने वरून टांगलेला असतो. दोरी बऱ्याच कार्डांवर साफ दिसते.

आता तुमच्याकडचा फोटो साडेतीन बाय साडेपाच इंचांचा असेल आणि मागे पोस्टकार्डाची आखणी असेल तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा. गावातल्या संघांचे असे फोटो-पोस्टकार्ड सर्वाधिक सापडतात. पाठ मधोमध रेघेने विभागलेली असेल तर ते मार्च १९०७ नंतरचं. तिकिटाच्या चौकटीभोवती ‘अ‍ॅझो’ हे फोटो-कागदाचं नाव आणि चारही त्रिकोण वर तोंड केलेले असतील तर कागद १९०४ ते १९१८ मधला, दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०. याला मोठी किंमत येत नाही, पण गावाचं नाव सापडलं तर तिथल्या इतिहास मंडळाला त्याचं मोल फार असतं.

आणि मग चेहरे. दाढी, मिशा, भांग, वजन सगळं बदलतं. कानाची घडण फारशी बदलत नाही. पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी, वरची वळी कशी वळते, आतला उंचवटा कुठे आहे हे पाहा, आणि ज्याचं नाव पक्कं माहीत आहे अशा निदान दोन फोटोंशी ताडून बघा. उलट्या टिनटाइपमध्ये डावा कान उजवा असतो, हे विसरलात तर तुलना फुकट. एक जरी ठळक फरक दिसला तरी नाव सोडून द्यायचं, दहा साम्यं असली तरी. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर या सुरुवातीच्या बेसबॉल क्लबच्या अलेक्झांडर कार्टराइटचा म्हणून प्रसिद्ध असलेला सहा माणसांचा डॅगेरोटाइप आहे. त्यावर नावं नाहीत, हातात बॅट नाही, चेंडू नाही, आणि त्यातली माणसं नक्की कोण यावर जाणकारांमध्ये आजही वाद आहे. याच क्लबने १९ जून १८४६ रोजी न्यू जर्सीतल्या होबोकनच्या एलिशियन फील्ड्सवर सामना खेळला होता.

ताडून बघायला खात्रीचे फोटो लागतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या बेन या वृत्त-छायाचित्र संस्थेच्या संग्रहात विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या खेळाडूंच्या काचेच्या निगेटिव्ह आहेत, त्यांची चित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येतात. काचेवर नावं हातानेच लिहिलेली आहेत आणि त्यात चुका आहेत. २००८ पासून फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर वाचकांनी त्यातल्या पुष्कळ दुरुस्त केल्या, म्हणून तिथलं टिपणही वाचा.

तुमचा फोटो स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्या, कार्त द व्हिझिट असेल तर इंचाला १२०० बिंदू ठेवा. डॅगेरोटाइपचा पृष्ठभाग पुसू नका, मऊ फडक्यानेसुद्धा नाही. एक फटकारा आणि चेहरा गेला. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. मुंबई-कोकणात आणून ठेवणार असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवून ती दर काही आठवड्यांनी सुकवा, कारण अल्ब्युमेनला बुरशी पटकन धरते. पाकिटाला चिकटवायच्या चिठ्ठीवर जे सिद्ध झालं तेवढंच लिहा: ‘अनोळखी संघ, ट्रेंटनचा स्टुडिओ, १८८५ ते १८९०.’ नावाची जागा रिकामी ठेवा.