बोटॅलॅकची इंजिनघरे

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील सेंट जस्ट या गावाजवळ, अटलांटिक महासागरात उतरणाऱ्या कड्याच्या पायथ्याशी दोन पडक्या दगडी वास्तू एकीखाली एक अशा उभ्या आहेत. बोटॅलॅक या तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणीतील ‘क्राउन्स’ भागाची ही इंजिनघरे, म्हणजे वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेली घरे होत. खालचे 1835 मध्ये खाणीतले पाणी उपसण्यासाठी बांधले गेले. वरचे 1858 मध्ये खोदायला घेतलेल्या एका तिरप्या शाफ्टमधून, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या विवरातून, खनिज ओढून काढण्यासाठी उभारले गेले. कड्यावरच्या पायवाटेवरून पाहताना छप्पर उडालेल्या त्या भिंती आणि कोपऱ्यातले धुराडे एखाद्या जुन्या देवळाचे किंवा गढीचे अवशेष वाटतात आणि बहुतेक लोक छायाचित्र घेऊन पुढे जातात. त्यांनी थोडे थांबावे, असे मला मनापासून वाटते, कारण या भिंती वाचता येतात.

कॉर्नवॉलचे इंजिनघर हा इंजिनावर उभारलेला आडोसा नव्हता, तर भिंती हाच यंत्राचा सांगाडा होता. तीन बाजूंच्या भिंती छपरापर्यंत चढवलेल्या असत. शाफ्टकडची चौथी भिंत मात्र मुद्दाम आखूड ठेवून चार-पाच फूट जाडीची बांधत आणि तिच्यासाठी ग्रॅनाइटचे मोठमोठे चिरे वापरत. या भिंतीच्या माथ्यावर कित्येक टन वजनाची लोखंडी तुळई तराजूच्या दांडीसारखी तोललेली असे. तिचे अर्धे अंग घराच्या आत आणि अर्धे बाहेर, थेट शाफ्टच्या तोंडावर. आतल्या टोकाला सिलिंडरमधला दट्ट्या जोडलेला, तर बाहेरच्या टोकाला खाणीच्या तळापर्यंत गेलेला पंपाचा लाकडी दांडा. आज ती आखूड भिंत पाहिली की वरचा भाग ढासळला असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात ती तेवढीच होती आणि सगळ्या यंत्राचा भार तिच्यावर होता. मागच्या बाजूला, घराच्या मानाने अवाढव्य वाटणारी जी कमान असते, तिच्यातून सिलिंडर आत घेत असत. बोटॅलॅकला तर हे सगळे ओतीव लोखंड आधी कड्यावरून खाली उतरवावे लागले होते. धुराड्याचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा असण्याची तिकडची रीत होती, कारण वर चढवायला वीट हलकी आणि गोलाई साधायला सोपी.

या यंत्राच्या चालीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की पाणी वर चढवण्याचे काम वाफ थेट करीतच नसे. वाफेने दट्ट्या खाली गेला की तुळईचे बाहेरचे टोक उचलले जाई आणि त्याबरोबर शेकडो फूट लांबीचा तो दांडाही. मग झडप उघडून दट्ट्याच्या वरची वाफ खालच्या बाजूला जाऊ देत आणि दांडा आपल्याच वजनाने हळूहळू खाली येत येत पाणी वर रेटत असे. हे पाणी जमिनीवर आणण्याचीही गरज नसे. कड्याच्या पोटातून समुद्राकडे काढलेल्या बोगद्यापर्यंत पोहोचले की ते आपोआप वाहून जाई.

एवढ्या काटकसरीचे कारण कोळसा हे होते. कॉर्नवॉलच्या जमिनीत तांबे होते, कथील होते, पण कोळसा नव्हता. तो जहाजांनी साउथ वेल्समधून आणावा लागे आणि तीच जहाजे परतताना तांब्याचे खनिज वितळवण्यासाठी तिथल्याच स्वान्सी बंदराला घेऊन जात. इंधन परमुलखातून येणार म्हटल्यावर कोळशाच्या पाटीपाटीचा हिशेब आला. 1811 पासून जोएल लीन यांच्या देखरेखीखाली खाणींतल्या इंजिनांचे मासिक तक्ते छापले जाऊ लागले. एका बुशेल (त्या काळचे एक माप) कोळशावर कोणत्या इंजिनाने किती पौंड पाणी एक फूट उचलले, हे त्यांत सर्वांसमोर मांडलेले असे. त्यामुळे अभियंत्यांमध्ये उघड चुरस लागली आणि वाफेच्या इंजिनात मोठ्या सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉटच्या काळात साधारण दोन कोटींच्या घरात असलेला हा आकडा 1835 मध्ये फोवी कन्सोल्स खाणीतील एका इंजिनाने चाचणीत साडेबारा कोटींपर्यंत नेला. आपापल्या यंत्राचे आकडे झाकून न ठेवता दर महिन्याला खुले करणे ही मला त्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते.

क्राउन्समधली धातूची शीर समुद्राखाली शिरत होती, म्हणून माणसेही तिच्यामागे समुद्राखाली गेली. वादळात डोक्यावरच्या समुद्रतळावरून गडगडणाऱ्या धोंड्यांचा आवाज आत काम करणाऱ्यांना ऐकू येत असे, असे त्या काळच्या वर्णनांत आहे. तिरप्या शाफ्टमधून कामगारांची ने-आण करणाऱ्या गाडीची साखळी 1863 मध्ये तुटली आणि आठ पुरुष व एक मुलगा जागीच गेले. पुढे दोनच वर्षांनी युवराज आणि त्यांची पत्नी, म्हणजे नंतरचे राजे सातवे एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा, त्याच शाफ्टमधून खाण पाहायला उतरले. या ठिकाणाविषयी सांगताना राजघराण्याच्या भेटीचा उल्लेख हटकून होतो. त्या नऊ जणांचा उल्लेख तिच्या आधी व्हायला हवा.

1866 मध्ये तांब्याचे भाव कोसळले. चिली, अमेरिका आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातून स्वस्त तांबे येऊ लागले होते आणि कॉर्नवॉलच्या खोल, पाणथळ खाणींना त्यापुढे टिकाव धरणे अवघड झाले. खाणकामगार घरदार सोडून जगभर पांगले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बुरा आणि मूंटा येथे त्यांच्या पद्धतीची इंजिनघरे आजही उभी आहेत. 1880 च्या दशकात जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवायला घेतल्या, तेव्हा कॉर्नवॉलची माणसे आपल्या कर्नाटकातही आली. बोटॅलॅक कथिलाच्या आधाराने तग धरून राहिली, पण 1895 मध्ये तीही बंद पडली. पुढे पुन्हा सुरू करण्याचा झालेला प्रयत्न 1914 मध्ये संपला.

खाण मिटली की इंजिन दुसऱ्या खाणीला विकत, नाही तर भंगारात घालत. दगड मात्र विकून वाहतूक परवडण्यासारखा नसे आणि तुळईचे धक्के वर्षानुवर्षे सोसण्यासाठी बांधलेल्या भिंती सहजासहजी पडणाऱ्याही नव्हत्या. आज ही जागा वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि 2006 पासून कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हनच्या खाणप्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश आहे. दोन्ही घरांच्या दगडांची डागडुजी झाली आहे, पण छप्पर चढवलेले नाही, हे मला योग्य वाटते. आत यंत्र नसताना केवळ घर पुरे केले, तर ती खरोखरच नुसती इमारत होईल.

तिथे जाणाऱ्याने किनाऱ्याच्या वाटेने उत्तरेकडे तसेच पुढे चालत लेव्हंट खाणीपर्यंत जावे. 1840 मध्ये बनवलेले तिथले खनिज ओढण्याचे इंजिन खाण बंद पडल्यावर भंगारात जाणार होते. ते काही कॉर्निश मंडळींनी 1935 मध्ये वाचवले आणि पुढे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून ते पुन्हा वाफेवर चालते केले. तुळई डोळ्यांसमोर वर-खाली होताना पाहून परत क्राउन्सकडे आल्यावर ती आखूड भिंत कशासाठी होती, हे कुणाला सांगावे लागत नाही.